जुना पिकअप, त्याचा फिटनेस आणि हौद्यातली माणसे



वस्तीवरच्या कामासाठी गाडी देऊ इच्छिणारी माणसे आपल्या मंडळ्यांमध्ये अधूनमधून भेटतात. ती गाडी बहुतेक वेळा पिकअप असते, आणि त्यातही बोलेरो पिकअप. आठ-दहा वर्षे मोसंबी, खताची पोती, दुकानाचा माल वाहून झालेला असतो, घरात नवी गाडी येते आणि जुनी प्रभूच्या कामाला द्यावी असे मनात येते. देणाऱ्याचे मन मोठे असते यात शंका नाही. मात्र त्या वेळी दोन प्रश्न हमखास निघतात. हा पिकअप दरवर्षी फिटनेसला पास होतो का? आणि फिटनेस आहे म्हणजे गाडी चांगलीच आहे ना? पहिल्याचे उत्तर बहुधा ‘होय’ असे असते. दुसऱ्याला थोडी जागा लागते, म्हणून या अंकात हा लेख.

आधी नियम पाहू. मालवाहू गाडी रस्त्यावर आणायची तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे योग्यता प्रमाणपत्र लागते. यालाच आपण सगळे फिटनेस म्हणतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. म्हणजे देणगीत येणारी गाडी जवळजवळ नेहमी ‘दरवर्षी’च्या वयातली असते. फिटनेस संपलेली गाडी कायद्याच्या नजरेत नोंदणी नसलेल्या गाडीसारखीच. ‘एवढ्या जवळच तर जायचे आहे’ ही सबब तिथे चालत नाही.

तपासणीत काय काय पाहतात? केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ६२ मध्ये यादीच आहे: पुढचे दिवे आणि त्यांच्या झोताची दिशा, बाकीचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काचा, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टिअरिंग. त्याखेरीज टायरची नक्षी बघतात. चारचाकीला ती १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. मालवाहू गाडीला पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूंना पिवळी चमकणारी पट्टी लागते. धुराची मर्यादा गाडीच्या जन्मवर्षावर अवलंबून आहे. देशभर बीएस-४ लागू झाले १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ आले १ एप्रिल २०२० ला. त्यामुळे २०१६ चा पिकअप आणि २०२१ चा पिकअप दिसायला भाऊ-भाऊ वाटले तरी धुराच्या यंत्रावर त्यांचा हिशेब वेगळा होतो.

ब्रेकची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण महाराष्ट्रात तिच्यावरून मोठा न्यायालयीन लढा झाला. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यांचे म्हणणे साधे होते. गाडी प्रत्यक्ष चालवून, ब्रेक दाबून बघितल्याशिवाय ती रस्त्यावर चालण्यालायक आहे असे कुणी कसे लिहून देऊ शकते? कार्यालयाच्या आवारात उभ्या गाडीभोवती एक फेरी मारली म्हणजे तपासणी झाली, असे होऊ नये. न्यायालयाने २०१६ मध्ये प्रत्येक ठिकाणी ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटर लांबीचा मार्ग हवा असे बजावले, आणि पुढे जिथे असा मार्ग नाही तिथले फिटनेसचे काम थांबवण्यापर्यंत गोष्ट गेली. तेव्हा गाडीवाल्यांची फार ओढाताण झाली हे खरे. पण आज आपला चालक त्या मार्गावर गाडी पळवून ब्रेक दाबतो, त्यामागे एका नागरिकाची अनेक वर्षांची चिकाटी आहे.

आता यंत्रांचा जमाना येत आहे. ज्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीत स्वयंचलित तपासणी केंद्र चालू आहे तिथे १ ऑक्टोबर २०२४ पासून मालवाहू गाड्यांची तपासणी त्या केंद्रातच करायची, असा केंद्राचा नियम आहे. चाके रोलरवर चढवतात, चालक ब्रेक दाबतो आणि प्रत्येक चाक किती जोराने अडते ते पडद्यावर आकड्यात दिसते. डाव्या-उजव्या चाकात जास्त फरक आला की गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढणार, हे यंत्र लगेच सांगते. माणसाच्या पायाला जे कळत नाही ते रोलरला कळते. नापास झाले तर ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करून, शुल्क भरून पुन्हा तपासणीला जाता येते. नापास होणे म्हणजे नाचक्की नव्हे. लपलेला दोष रस्त्यावर सापडण्याऐवजी तिथे सापडला, एवढेच.

आता मॉडेलकडे वळू. जर्मनीत टीयूव्ही ही तपासणी संस्था मॉडेलनुसार अहवाल काढते, कोणत्या वयाच्या कोणत्या गाडीत किती दोष निघाले याचा. ब्रिटनमध्ये एमओटी नावाची वार्षिक तपासणी असते आणि तिथे नुसता गाडीचा क्रमांक टाकला की ती गाडी कधी पास झाली, कधी कशात नापास झाली, हे कोणालाही वाचता येते. आपल्याकडे गाडी घेणाऱ्याच्या हाती असा मॉडेलवार तक्ता येत नाही. तेव्हा गाडीची बांधणी काय आहे आणि तिच्याकडून काम काय घेतले जाते, या दोन गोष्टींवरून अंदाज बांधावा लागतो.

बोलेरो पिकअपची बांधणी जुन्या वळणाची आणि दणकट आहे. शिडीसारखी चासी, मागे कमानीचे पाटे, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्यांना ड्रम. निरनिराळ्या प्रकारांत ती साधारण १३०० ते १७०० किलो माल वाहते. जालना, अंबड, भोकरदन, मंठा, कुठेही गाडी बंद पडली तरी तिचे काम जाणणारा मिस्त्री आणि सुटा भाग मिळतो. कामाच्या गाडीच्या बाबतीत ही फार मोठी जमेची बाजू आहे, कारण तपासणीत नापास होणारी बहुतेक कामे किरकोळ आणि लगेच होणारी असतात: माल चढवताना फुटलेला मागचा दिवा, तडकलेला आरसा, वाळलेले वायपर, वर आकाशाकडे रोखलेला हेडलाइटचा झोत. बाहेरून लावलेले डोळे दिपवणारे जादा एलईडी दिवे मालकाला शोभेचे वाटतात, तपासणीत ते अंगाशी येतात.

खरे दुखणे खाली असते. गाडी ओझे सहन करते असे दिसले की लोक ओझे वाढवतात. दीड टनाच्या गाडीत अडीच टन, आणि मग पाटे बसू लागले की मिस्त्री एक जादा पाटा घालून देतो. मालकाला वाटते, गाडी आता मजबूत झाली. पाटा जादा पडला, पण ब्रेक तेवढेच राहिले, टायर तेवढेच राहिले, पुढच्या चाकांचे सांधे तेवढेच राहिले. वजन दुप्पट झाले की गाडी थांबवायला दुप्पट शक्ती लागते. वेग दुप्पट झाला की चौपट. ही सगळी शक्ती शेवटी ब्रेकच्या लायनरमध्ये उष्णता होऊन जिरते. जिल्ह्याच्या उत्तरेला अजिंठ्याच्या रांगेतला उतार असो की दुसरा कुठला घाट, तापलेला ड्रम पकड सोडू लागतो आणि चालकाच्या पायाखाली पॅडल मऊ लागते. ड्रमच्या आत गळणारे व्हील सिलिंडर, एका बाजूचे झिजलेले लायनर, ताणून लांबलेली हँडब्रेकची केबल, चासीला मारलेले वेल्डिंग, स्टिअरिंगमध्ये आलेला खेळ, हे दोष जुन्या पिकअपमध्ये आधी शोधावेत. यातले निम्मे चाक उतरवल्याशिवाय दिसतच नाहीत.

इथेच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. तपासणीच्या दिवशी गाडी बहुधा रिकामी असते. धुतलेली असते, दिवे चालू असतात. कोणी कोणी तर त्या दिवसापुरते उसने टायरही चढवतात. परत आले की पुन्हा गुळगुळीत टायर. रिकाम्या पिकअपची तपासणी होते आणि भरलेला पिकअप वर्षभर चालतो. प्रमाणपत्र खोटे असते असे मी म्हणत नाही. त्या दिवशी, त्या अवस्थेत गाडी ठीक होती, एवढेच ते सांगते. पुढच्या ३६४ दिवसांचे उत्तर मालकाला द्यायचे असते.

मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या पुस्तकात, नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा असा एक नियम आहे. न केल्यास वरून कोणी पडले तर रक्तपाताचा दोष त्या घरावर येतो. कठडा कोणासाठी? घरच्यांना धाब्याची कड माहीत असते. कठडा असतो तो पाहुण्यासाठी, मुलासाठी, अंधारात वर गेलेल्यासाठी. गाडीच्या ब्रेकचे मला तसेच वाटते.

आणि आता जे सांगायचे आहे ते सांगताना थोडे अवघड वाटते, कारण ते आपल्याही कामाबद्दल आहे. पिकअपच्या हौद्यात माणसे बसतात. कापूस वेचायला, लग्नाला, आठवडी बाजाराला, देवदर्शनाला. आपल्याकडेही नाताळची गाणी गात रात्री वस्त्यांवर फिरताना, कन्व्हेन्शनला जाताना, संडे स्कूलच्या सहलीला मुले हौद्यात बसवली गेली आहेत. कोणी वाईट हेतूने केले नाही. जिथे एसटी येत नाही, जिथे भिल्ल किंवा पारधी कुटुंबांची वस्ती गावापासून दोन-तीन किलोमीटर आत शिवारात असते, तिथे जी गाडी आहे तिच्यातच माणसे बसणार.

यात एक फसवा हिशेब आहे. तीस माणसे, मुले-म्हातारी धरून सरासरी पन्नास किलो, म्हणजे दीड टन. गाडीच्या क्षमतेच्या आसपास. त्यामुळे चालकाला काही चुकते आहे असे वाटतच नाही. पाटे दबत नाहीत, इंजिन ओढते. पण धान्याची पोती हौद्याच्या तळाशी पडून राहतात आणि माणसे फाळक्याला धरून उभी असतात. वजनाचा मध्य कितीतरी वर जातो. वळणावर पोती हलत नाहीत, माणसे मात्र सगळी एकाच बाजूला कलतात, आणि कलायला नको त्याच बाजूला. धरायला दांडा नाही, पट्टा नाही, वर छत नाही. गाडी उलटली की माणसे बाहेर फेकली जातात आणि कधी कधी तीच गाडी अंगावर येते.

२० मे २०२४ रोजी छत्तीसगडच्या कवर्धा भागात हेच झाले. तेंदूपाने गोळा करून परतणाऱ्या बैगा आदिवासींचा पिकअप दरीत कोसळला आणि १९ जण गेले. त्यांत जवळजवळ सगळ्या स्त्रिया होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यात चांदशैली घाटात अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्यांचा पिकअप कोसळला. तिथेही आदिवासी कुटुंबेच. वर्तमानपत्रांत अशा बातम्यांची जागा बदलते, मृतांची ओळख फारशी बदलत नाही: मजूर, बहुतेक स्त्रिया, बहुतेक आदिवासी.

अपघातानंतरची गोष्ट आणखी कठीण. मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेल्या माणसांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये दिला. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस मालाबरोबर बसला असेल तर गोष्ट निराळी. त्याला कायद्यात संरक्षण आहे. पण बाजाराला निघालेली आजी म्हणजे मालाची मालकीण नव्हे. त्यात फिटनेस संपलेला असेल तर कंपनीला हात वर करायला आणखी एक कारण मिळते. मग भरपाई द्यायची कोणी? गाडीच्या मालकाने. तो ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत. ज्या घराची कमावती आई गेली त्या घराला न्यायालयाचा कागद मिळतो, पैसे मिळतीलच असे नाही.

म्हणून कामाच्या गाडीत माल आणि माणसे वेगळी ठेवलीच पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि यात ‘थोडेसे चालते’ असे काही नसावे. आरसीवर आसनक्षमता छापलेली असते. साध्या पिकअपला ती चालक धरून दोन-तीनची असते, बाकी सगळा हौदा पोत्यांचा. कार्यक्रमाला वस्तीवरची माणसे आणायची असतील तर एसटीची प्रासंगिक करारावर गाडी मिळते. आधी आगारात जाऊन अर्ज करावा लागतो, पैसे भरावे लागतात, मार्ग बस जाण्याजोगा लागतो. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत पायी यावे लागले तरी हरकत नाही. आजाऱ्यासाठी १०८, गरोदर बाई आणि बाळासाठी १०२. हे क्रमांक वस्तीवरच्या शाळेच्या किंवा प्रार्थनाघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवले तर पिकअपच्या निम्म्या धावपळी वाचतील.

खर्च वाढतो, हे मान्य. नाताळच्या कार्यक्रमाच्या हिशेबात ‘वाहतूक’ ही ओळ आपण आजवर जवळजवळ रिकामी ठेवत आलो, कारण कोणाचा तरी पिकअप फुकट मिळायचा. ज्या देणगीदारांना गाडी देणे शक्य नाही त्यांनी ही ओळ भरली तर गाडी दिल्यासारखेच आहे. तसेच एका जोडी टायरचे, एका ब्रेकच्या कामाचे. नवी गाडी मिळाली की तिच्यापुढे हार घालून फोटो निघतो, ब्रेकच्या लायनरचा फोटो कोणी काढत नाही. पण गाडी त्याच्यावरच थांबते.

गाडी द्यायचीच असेल, आणि अनेक ठिकाणी तिची खरोखर गरज आहे, तर एक गोष्ट विसरू नये: नाव बदलणे. गाडी दिली, चावी दिली, प्रार्थना झाली आणि आरसी मात्र जुन्याच नावावर राहिली, असे सर्रास होते. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अपघाताच्या दिवशी ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, तरी जबाबदारी नोंदणीतल्या पहिल्या मालकावरच आली. म्हणजे तुमची जुनी गाडी आमच्या कामावर असताना काही घडले तर नोटीस तुमच्या दारी. फॉर्म २९ आणि ३० भरून जालन्याच्या परिवहन कार्यालयात नावबदल करून घ्यावा, विमाही नव्या नावावर करावा. त्याआधी गाडी कामावर लावू नये.

आणि देण्यापूर्वी गाडी एकदा ओळखीच्या मिस्त्रीकडे न्यावी. चारही चाके उतरवून ड्रम उघडायला सांगावे, पाटे मोजायला सांगावे; कंपनीच्या मोजणीपेक्षा एक जास्त निघाला तर ती गाडी आजवर कशी वापरली गेली ते कळते. स्टेपनी खरोखर हवा धरते का ते पाहावे. पीयूसी काढून घ्यावी. एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा क्रमांक टाकला की फिटनेस, विमा आणि पीयूसी कुठल्या तारखेपर्यंत आहेत ते दिसते. फिटनेस दोन महिन्यांत संपणार असेल तर आधी तो करून घ्यावा आणि मग गाडी द्यावी. नाहीतर वस्तीवरच्या कामाचा पहिलाच खर्च तिथे होतो. ब्रेकच्या कामाची पावती असेल तर आरसीबरोबर तीही पाठवावी. तिच्यावर तारीख असते आणि पुढच्या मिस्त्रीला काम कुठून सुरू करायचे ते समजते.